चौथ्या पानाची शेवटची ओळ

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. पाल दिसली की मी स्टुलावर चढते. बँकेतून नुसता फोन आला तरी माझ्या तळहाताला घाम येतो. अशा बाईने साप्ताहिक काढावं आणि अकरा वर्षं ते चालवावं, हा माझ्या नवऱ्याच्या मते सानगडीतला सगळ्यात मोठा विनोद आहे. तो विनोद तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

दुकान म्हणजे बाजारचौकातलं आमचं झेरॉक्सचं दुकान. पुढे मशीन आणि काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर मी चार पानांचा अंक लावते. गुरुवारी संध्याकाळी पानं भंडाऱ्याच्या छापखान्यात मेलने जातात, शुक्रवारी एसटीने गठ्ठा येतो, शनिवारी अंक वाटला जातो. ग्रामसभेत कागदावर काय लिहिलं आणि खरं काय बोललं गेलं, कुठल्या शाळेत वर्षभर शिक्षक नाही, कुठल्या वस्तीतल्या बायांना अजून वेगळ्या विहिरीवर जावं लागतं, असल्या बातम्या मी छापते. मोठ्या पेपरांत त्यांना जागा नसते. वाचणारे वाचतात, ज्यांना झोंबतं ते चौकात माझ्याकडे बघत नाहीत. तेवढं मला चालायचं. बघत नाहीत ते बरंच.

गेल्या एप्रिलमध्ये एक बाई सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आली. मशीन तापेपर्यंत ती पदराने वारा घेत म्हणाली, "ताई, आमच्या तलावाची पाळ खाऊन राहिले जी."

मला आधी कळेना. दुसऱ्या दिवशी स्कूटीवर गेले तेव्हा कळलं. तलाव आटलेला होता. काठावर पिवळा फलक, 'गाळ काढण्याचे काम'. गाळ होता तिथे कुणीच नव्हतं. जेसीबी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी लागला होता आणि तिथला मुरूम काढून टिप्परमध्ये भरत होता. त्या पाळीमागे उन्हाळी धान उभं होतं, आणि धानाच्या पलीकडे छत्तीस घरांचा गाव. पावसाळ्यात तलाव भरला की त्या घरांचं काय होईल, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी मोबाइलवर सहा फोटो काढले. सातवा काढताना जेसीबीवाला ओरडला, "कोन होय तुमी?"

"पाहुनी आहो," मी म्हटलं. "तलाव पाहून राहिली."

एवढी मोठी पत्रकार आणि तोंडातून हे निघालं. घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते. फोटो आठ दिवस मोबाइलमध्ये तसेच पडून राहिले. रोज उघडायची, बघायची, बंद करायची. ठेकेदार कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या विरोधात बोललेल्यांचं काय होतं तेही ऐकून होते. कुणाची मोटरसायकल जळते, कुणाच्या रोपांवर तणनाशक पडतं. कधी काही सिद्ध होत नाही.

नवव्या दिवशी आंधळगावच्या सरांचा फोन आला.

हे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बुद्धजयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विशेषांक काढणारं त्यांचं एक पाक्षिक आहे. आधी छापत असत, आता पीडीएफ करून मोबाइलवर पाठवतात. माझा अंक ते टपालाने मागवतात, चुका लाल पेनने दुरुस्त करतात आणि मला परत पाठवतात. अकरा वर्षांत एकदाही शाबासकी नाही. तेव्हा त्यांचा नंबर दिसला की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ आठवायला लागते.

पण त्या दिवशी ते म्हणाले, "ताई, आमच्या बाजूला एका तलावाची पाळ खणतायत. तुमच्याकडे असं काही आहे का?"

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला वाटलं, यांना माझी बातमी कशी कळली? आमच्या धंद्याची ही खोड आहे. बातमी जळून गेली तरी चालेल, दुसऱ्याच्या ताटात जायला नको. मग मी हो म्हटलं. सर म्हणाले, दिघोरीच्या भाऊंकडे पण एक तलाव आहे, आपण तिघं बसू.

दिघोरीच्या भाऊंचं नाव ऐकून माझं डोकंच फिरलं. ते मोबाइल दुरुस्त करतात आणि यूट्यूबवर बातम्या देतात. मागे हिरवा पडदा, चेहऱ्यावर अर्धवट उजेड. दर रविवारी माझ्याच अंकातली बातमी वाचून दाखवतात आणि म्हणतात, "आमच्या सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार." ते सूत्र म्हणजे मी. एकदा माझी छपाईची चूकसुद्धा त्यांनी तशीच वाचली होती.

तरी गेले. लाखनीला बसस्थानकासमोरच्या चहाच्या हॉटेलात आम्ही तिघं बसलो. पहिली पंधरा मिनिटं तिघांनीही मोबाइल छातीशी धरून ठेवले होते, पत्ते खेळताना धरतात तसे. शेवटी सरांनीच आपला मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. मग भाऊंनी. मग मी. तीन तालुक्यांतले तीन तलाव, आणि तिन्ही फोटोंत तोच पिवळा फलक. भाऊंनी फोटो मोठा करून दाखवला. टिप्परच्या मागे चिकटवलेलं गरुडाचं चित्र तिन्हीकडे सारखं होतं.

"अजी, हा तं एकच गाडी होय!" भाऊ म्हणाले.

सर हळू आवाजात बोलतात, त्यामुळे ऐकायला पुढे वाकावं लागतं. ते म्हणाले, एकेकट्याने छापलं तर ते आपापल्या गावचं भांडण होईल, तिघांचं एकदम आलं तर त्याची बातमी होईल. मग त्यांनी पाळीचीच गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात पाळ पाझरायला लागली की गावात हाळी फिरायची, आणि घरटी एक माणूस टोपलं घेऊन निघायचा. कुणाचं कुणाशी वैर आहे, कोण कुठल्या वस्तीतला, हे त्या दिवशी कुणी काढायचं नाही. माती टाकायची आणि घरी यायचं. दुसऱ्या दिवशी भांडायला मोकळे.

ठरलं. शनिवारी सकाळी दहा वाजता तिघांनीही एकच मजकूर द्यायचा. मजकूर मी लिहायचा, सरांनी तपासायचा, भाऊंनी वाचायचा.

"पन एक," भाऊ चहाचा कप फिरवत म्हणाले, "नाव कोनाचंच नोको. मले दोन पोरी आहेत. बायको म्हनते, बातम्या द्या, पन घर नका दाखवू."

"बरोबर आहे," मी म्हटलं. टेबलावर सगळ्यात मोठ्याने मीच म्हटलं. "कोनाचंच नाव नाही." केवढं हलकं वाटलं सांगू! परतीच्या बसमध्ये मला चक्क डुलकी लागली.

गुरुवारी सकाळी भाऊंनी आपल्या चॅनलवर तलावाचं चित्र टाकलं. त्यावर लाल अक्षरांत, 'शनिवारी मोठा खुलासा. पाहायला विसरू नका.' यूट्यूबवाल्यांना आधी ढोल वाजवल्याशिवाय राहवत नाही. मी कपाळाला हात लावला आणि पानं लावायला बसले.

दुपारी अडीचच्या सुमाराला दुकानासमोर मोटरसायकल थांबली. दोघं होते. इस्त्रीचे शर्ट, एकाच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. बोलणं अगदी अदबीचं. खर्रावाल्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि काउंटरवर सरळ केला. माझाच अंक होता, मागच्या महिन्यातला. चौथं पान वर.

"ताई, हे शेवटची ओळ मोठी करून द्या जी. वाचता नाही येत."

"किती मोठी?" मी विचारलं. सवयीने विचारलं. दिवसातून पन्नासदा विचारते.

"होईन तेवढी."

मी पान काचेवर ठेवलं, झाकण पाडलं, आकडा दुप्पट केला. कागद बाहेर आला तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट वाचला. हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि पुढे माझं पूर्ण नाव, यांनी अमुक छापखान्यात छापून राहत्या घरी, वॉर्ड क्रमांक अमुक, देवळामागे, सानगडी येथून प्रकाशित केले. काळ्याभोर, बोटाएवढ्या अक्षरांत.

"पाच कॉप्या," तो म्हणाला.

मी पाच काढल्या. माझ्या हाताने काढल्या. दुसऱ्याने त्या नीट गोळा करून पाकिटात ठेवल्या, पैसे दिले आणि म्हणाला, "बरं झालं. आता पत्ता विचारत फिराचं काम नाही."

मोटरसायकल गेली. मी पडद्यामागे जाऊन खाली फरशीवर बसले. कॉम्प्युटरवर या आठवड्याचं चौथं पान उघडं होतं आणि तळाशी तीच ओळ. छापील पेपरात ती असावीच लागते, कायदाच आहे. अकरा वर्षांपूर्वी एकदा टाइप केली आणि मग दर आठवड्याला ती आपोआप येत राहिली. तारीख मी बदलते, बातम्या बदलते, त्या ओळीकडे बघत नाही. लाखनीच्या टेबलावर 'कोनाचंच नाव नाही' असं छाती फुगवून म्हणणारी मी, आणि माझं नाव, घर, वॉर्ड, देऊळ सगळं आधीच छापून बसलेलं. सरांच्या पीडीएफवर पत्ता नाही. भाऊंच्या मागे हिरवा पडदा. तिघांत उघड्यावर मी एकटी.

मी भाऊंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सकाळी ढोल वाजवणारा माणूस दुपारी फोन बंद करून बसला. मला वाटलं, यानेच माझं नाव सांगितलं असणार. जेसीबीवाल्याने मला फोटो काढताना पाहिलं होतं हे आठवून नंतर त्या विचाराची मला लाज वाटली, पण त्या दुपारी मला तो अगदी खरा वाटला.

नवरा जेवून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो विनोद करेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने काही न बोलता चौक दोन्ही बाजूंनी बघून घेतला आणि भर दुपारी चार वाजता शटर अर्ध्यावर ओढलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या माणसाला मी घाबरलेला पाहिला नव्हता. मला त्या दोघांपेक्षा त्याच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

"काढून टाक ना ते बातमी," तो शेवटी म्हणाला. "कोन विचारते?"

मी सरांना फोन केला. आवाज चिरकत होता आणि तो लपवायला मी चिडून बोलले. "सर, मी छापत नाही. तुमचं काय जाते? तुमचं पीडीएफ. पीडीएफले घर असते का? भाऊच्या मागं पडदा आहे. माझ्या घरी कोन उभं राहन?" मग त्या पाच झेरॉक्सचं सांगितलं, आणि सांगता सांगता रडायला आलं.

सर म्हणाले, "ताई, ती ओळ माझ्या लक्षात यायला हवी होती. वीस वर्षं मीही ती छापलीय. चूक माझी आहे." त्यांच्या तोंडून 'चूक माझी' ऐकण्याची मला मुळीच सवय नव्हती. "पान किती वाजेपर्यंत थांबवता येईल?"

"सहा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला आणि तलावाची बातमी पानावरून उडवली. रिकाम्या जागेत काय टाकायचं? प्रत्येक साप्ताहिकवाल्याकडे एक ठेवणीतला मजकूर असतो. माझा होता 'उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी'. तो टाकला. पहिलंच वाक्य, 'कामाशिवाय घराबाहेर पडू नका.' वाचून मला हसू आलं आणि लगेच बाहेर एक मोटरसायकल गेली तशी मी खुर्चीतून उठून भिंतीला टेकले. ती दूधवाल्याची होती.

छत्तीस घरांचा तो गाव डोळ्यांपुढे येत होता. पदराने वारा घेणारी ती बाई येत होती. सगळं येत होतं, पण हात पुढे जात नव्हता. भीती वाटते तेव्हा माणूस किती लहान होतो, ते मला त्या दिवशी समजलं आणि स्वतःचा राग आला. रागाने भीती कमी झाली नाही.

सहाला वीस मिनिटं कमी असताना मोबाइल वाजला. सरांचा संदेश होता. त्यांचं पूर्ण नाव, आंधळगाव, वॉर्ड, कुठल्या विहाराच्या उजव्या हाताला घर, दाराचा रंगसुद्धा. खाली लिहिलं होतं, 'बातमीच्या शेवटी हे छापा. माझ्या अंकातही छापतो आहे. पाळीवर माझ्या घरचा एक माणूस.'

सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे गेलेले, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. मी तो संदेश नवऱ्याला दाखवला. त्याने वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाला, "मंग आता कायले थांबून राहिली?"

मी उन्हाळ्याची काळजी काढली आणि तलाव परत आणले. 'आंधळगाव' तीनदा चुकीचं टाइप झालं. बातमीच्या शेवटी लिहिलं, 'ही बातमी मिळून केली आहे', आणि खाली सरांचं नाव-पत्ता, माझं नाव-पत्ता. दिघोरीचं नाव टाकलं नाही. त्यांना विचारल्याशिवाय कसं टाकणार? सहा वाजून पाच मिनिटांनी पान गेलं. एक प्रत सरांनाही पाठवली.

शुक्रवारी गठ्ठा आला. तो आम्ही दुकानात न उतरवता घरी नेला. दिवसभर मी दाराच्या कडीकडे बघत काढला. शनिवारी सकाळी पेपर वाटायला नवरा स्वतः गेला, आणि तो परत येईपर्यंत मी देवापुढे बसले. एरवी मी सणालाच बसते.

दहा वाजले. सरांची पीडीएफ आली. भाऊंच्या चॅनलवर काहीच नव्हतं. दहा वाजून दहा. काही नाही. मी मनातल्या मनात त्यांना अशा शिव्या दिल्या की इथे लिहिता यायच्या नाहीत. दहा वाजून वीस मिनिटांनी व्हिडिओ आला.

हिरवा पडदा नव्हता. भाऊ आपल्या घराच्या अंगणात भर उन्हात उभे होते. मी त्यांना इतक्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं, केस बरेच पिकले आहेत त्यांचे. मागे निळा दरवाजा, दोरीवर मुलींचे गणवेश वाळत घातलेले. त्यांनी सगळी बातमी वाचली, तिन्ही तलाव. सूत्रांकडून म्हटलं नाही. सानगडीच्या ताई आणि आंधळगावचे सर म्हटलं. मग कागद खाली केला, आपलं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, वॉर्ड सांगितला आणि म्हणाले, "हा माझा घर होय. कोनाले काही विचाराचं असन तं पहिले इथी या. ताईच्या दुकानात जाऊ नका."

चित्र सारखं हलत होतं. मला वाटलं माझाच हात थरथरतोय. मी मोबाइल टेबलावर ठेवला. तरी चित्र हलतच होतं. शूटिंग करणाऱ्याचा हात थरथरत होता.

मी लगेच फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोने. आम्ही कधी बोललो नव्हतो.

"ताई, मोबाइल मीच लपवून ठेवला होता जी," ती एका दमात म्हणाली. "गुरुवारी दोघं आले. नळावर माह्या पोरींले विचारलं, तुमचं घर कोनतं? मंग मी मोबाइल बंद करून तांदळाच्या कोठीत टाकला. म्हटलं, नोको हे बातम्या. काल सर आले. बस बदलत बदलत, काठी टेकत. मी तेंले पानीबी नाही विचारलं आधी. तेंनी काहीच नाही म्हटलं, फक्त मोबाइलमध्ये तुमचं पान दाखवलं. खाली दोन नावं. मी पाहत राहिली. मंग मीच याले म्हटलं, तिसरं कुठी आहे?"

मी अंक उघडून ती दोन नावं पुन्हा पाहिली.

"आज मीच धरला मोबाइल," ती म्हणाली. "हलला का जी?"

"नाही," मी म्हटलं. "चांगला आला."

तिच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. माझ्या दारावरून एक मोटरसायकल आली, हळू झाली आणि पुढे गेली. तिने ती ऐकली असावी, कारण तिचा श्वास थांबलेला मला कळला.

"ताई, मले लय भेव लागून राहिलं," ती म्हणाली. "तुमाले?"

"मलेबी."

"मंग फोन नका ठेवू जी."

मी ठेवला नाही. मोबाइल ओट्यावर उभा करून मी कणीक मळायला घेतली. पलीकडे तिने कुकर लावला, आणि त्याच्या तीन शिट्ट्या मी माझ्या घरात मोजल्या.